ठोकलेली गाडी

मित्रांनो, भंडाऱ्यात शाळेमागच्या मोठ्या मैदानावर सकाळच्या वेळी एक पांढरी मोटार हळूहळू गोल फिरताना तुम्ही पाहिली असेल. तिच्या टपावर 'शिकाऊ' असं लाल अक्षरांत लिहिलेली पाटी असते आणि तिचा मागचा डावा दरवाजा कधीच उघडत नाही. ती मोटार मी आहे. मला पाहून मुलं ओरडतात, "म्हातारी आली, म्हातारी आली!" त्यांचा मला राग येत नाही. पण आज जरा माझ्याजवळ थांबा. माझ्या मागच्या बाजूचा पत्रा असा का दिसतो, तो दरवाजा बंद का केला आणि त्यापायी एका भल्या माणसाचं काय झालं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

मी अॅम्बेसेडर जातीची मोटार. माझा जन्म दूर बंगालमधल्या कारखान्यात झाला. तिथून आगगाडीच्या वाघिणीत बसून मी तुमसर रोड स्टेशनात उतरले. जवळच्या मँगनीज खाणीतल्या एका साहेबांसाठी मला मागवलं होतं. खाणीची धूळ काळी, चिकट आणि जड. दिवसभरात माझा पांढरा रंग राखी होऊन जाई. संध्याकाळी साहेबांचा ड्रायव्हर मला बादलीभर पाण्यानं धुऊन पुन्हा पांढरी करी. त्याचं नाव घनश्याम. तो मूळचा बपेऱ्याचा. उंच, किडकिडीत आणि फार कमी बोलणारा. मला सुरू केलं की तो लगेच निघत नसे. मान किंचित वाकडी करून माझ्या इंजिनाचा आवाज ऐके, समाधान झालं की मगच गियर टाकी.

पुढे साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना नवी गाडी आली आणि मला लिलावात काढलं. ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. घनश्यामनं नोकरी सोडली, हातात आलेली सगळी पुंजी माझ्यावर लावली आणि मला तुमसरला आपल्या घरी आणलं. त्याची बायको रुखमा दारात हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. तिनं माझ्या बोनेटला हळद लावली आणि म्हणाली, "पाह्यजो माय, आता तुह्याच भरवशावर हावो आम्ही."

मित्रांनो, तो भरवसा मी बरीच वर्षं पाळला. तुमसरहून बपेऱ्यापर्यंत, कधी नदी ओलांडून मध्य प्रदेशात, कधी पार पवनीपर्यंत मी माणसं वाहिली. नवऱ्या मुली माझ्यात रडत बसल्या आणि सासरच्या दारात डोळे पुसून उतरल्या. आजारी माणसं मागच्या सीटवर आडवी झोपून दवाखान्यात गेली. एकदा बपेऱ्याची आनंदाबाई नावाची बाळंतीण आम्ही नेत होतो. नेमकं रेल्वेचं फाटक बंद झालं. मँगनीजनं भरलेली लांबलचक मालगाडी समोरून सरकत राहिली आणि इकडे माझ्या मागच्या सीटवर मूल जन्माला आलं. घनश्याम माझ्याकडे पाठ करून, खिडकीवर आपलं उपरणं ताणून धरून उभा होता. त्या मुलाचं पाळण्यातलं नाव काही वेगळंच ठेवलं, पण सारं गाव त्याला 'मोटाऱ्या' म्हणू लागलं. लोक घनश्यामला सांगत, "भाऊ, तुमची गाडी पायगुणाची हाय जी." ते ऐकून माझं इंजिन उगाच जास्त गोड चालल्यासारखं मला वाटे.

मग एका वर्षी घनश्यामला रात्रीच्या वेळी समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसू लागली. पुढे रस्त्याच्या कडेची माणसं त्याला एकदम जवळ आल्यावरच दिसत. रुखमानं त्याला बळेच नागपूरला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली वाचवायची असेल तर उन्हाळ्याच्या आत दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करा. मोठ्या सरकारी दवाखान्यात नंबर फार लांबचा लागत होता. हे डॉक्टर लवकर करून देणार होते, पण त्यांचा दवाखाना खाजगी होता.

त्या दिवसापासून घनश्यामनं माझं स्टीअरिंग सोडलं. कोणी सांगितलं नव्हतं. तो स्वतःच म्हणाला, "मले दोही बाजूचं दिसत नाही. मानसं बसवून कायले चालवू?" आणि तो मला विकायला निघाला.

गिऱ्हाईक लवकर मिळालं. पवनीचे कापडाचे व्यापारी केशवराव. त्यांनी मला उलटून पालटून पाहिलं, तुमसर ते भंडारा फेरी मारली आणि इसार देऊन टाकला. "सोमवारी न्यायला येतो," असं सांगून ते गेले. ऑपरेशन, औषधं, नागपुरातलं राहणं आणि त्यानंतर घरासमोर एक लहानसं दुकान, एवढं सगळं त्या किमतीत बसत होतं. रुखमा त्या रात्री बऱ्याच दिवसांनी हसली.

शनिवारी घनश्यामनं मला धनीराम मिस्त्रीकडे पाठवलं. नव्या मालकाला गाडी द्यायची तर तेलपाणी करून द्यावी, असं त्याला वाटलं. धनीरामनं माझं काम संपवलं आणि मला गॅरेजसमोर, रस्त्यापासून चांगली आत, कडुनिंबाखाली उभी केली. माझ्यात कोणी नव्हतं. इंजिन बंद होतं, हँडब्रेक ओढलेला होता.

तांदळाच्या एका गिरणीचा ट्रक पोत्यांनी काठोकाठ भरून येत होता. ड्रायव्हरला डुलकी लागली होती, हे त्यानं पुढे स्वतःच कबूल केलं. ट्रक रस्ता सोडून खाली उतरला आणि मागून माझ्या अंगावर आला. मित्रांनो, तो आवाज मी अजून विसरले नाही. माझी डिक्की मागच्या सीटपर्यंत आत आली. डावीकडचा दरवाजा दुमडला. मी कडुनिंबाच्या बुंध्यावर जाऊन आदळले आणि फुटलेली पोती माझ्यावर पडली. पांढऱ्याशुभ्र तांदळाखाली मी अर्धी गाडले गेले.

घनश्याम धावत आला. त्याला सगळं नीट दिसत नव्हतं, म्हणून तो हातानंच चाचपत माझ्याभोवती फिरला. डिक्कीपाशी त्याचा हात थांबला. 

धनीराम रडवेला झाला होता. "भाऊ, म्या तर कडेले उभी केली होती. माही काय चूक जी?"

"तुही नाही," घनश्याम म्हणाला. "गाडीची नाही. माहीबी नाही."

पोलीस आले, पंचनामा झाला, ट्रकवाल्याची चूक असं कागदावर आलं. गिरणीचे मालक म्हणाले, "आमच्या ट्रकचा विमा आहे. जे काय घ्यायचं ते विमेवाल्यांकडून घ्या." माझा स्वतःचा विमाही होता, पण तो दुसऱ्याच्या नुकसानीपुरता. माझ्याच अंगाला लागलं तर त्यातून काही मिळणार नव्हतं.

सोमवारी केशवराव ठरल्याप्रमाणे आले. त्यांनी दुरूनच मला पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली. ते वाईट माणूस नव्हते.

"घनश्यामजी, फार वाईट झालं. पण आता ही गाडी मी नेऊ शकत नाही."

"दुरुस्त करून देतो ना जी. आतलं इंजिन तसंच हाय, त्याले धक्का नाही."

"दुरुस्त केली तरी ठोकलेली गाडी ती ठोकलेलीच. उद्या मला विकायची झाली तर कोण घेईल? आणि घरात नातवंडं आहेत."

घनश्यामनं इसार परत केला. तो हातात घेताना केशवरावांना अवघड झालं, पण त्यांनी घेतला आणि ते पवनीला निघून गेले.

पुढचे दिवस आठवले की अजून माझे पत्रे थरथरतात. विमा कंपनीनं सांगितलं होतं, "आमचा माणूस येऊन पाहीपर्यंत गाडीला हात लावू नका. दुरुस्त करू नका, विकू नका." म्हणून मी त्याच कडुनिंबाखाली तशीच पडून राहिले. घनश्याम एसटीनं भंडाऱ्याला जाई आणि संध्याकाळी परत येई. कधी साहेब दौऱ्यावर, कधी पंचनाम्याची नक्कल अस्पष्ट. कधी पोलिसांचा कागद नागपूरला गेलेला, तर कधी नागपूरचा कागद यायचा राहिलेला. रुखमा त्याच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकी. ते संपत आले की ती शेजाऱ्यांकडे उसनवार करून नागपूरहून नवी बाटली मागवी.

संध्याकाळी घनश्याम माझ्याजवळ येऊन पुढच्या सीटवर बसे. एक डोळा हातानं झाकी आणि दुसऱ्यानं काचेतून समोरचा रस्ता पाही. मग दुसरा झाकी. आधी त्याला समोरच्या काचेची दोन्ही टोकं दिसत. मग नुसतं बोनेट दिसू लागलं. मग एका डोळ्याला बोनेटची फक्त मधली पट्टी. त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. मला मात्र कळत होतं, कारण तो स्टीअरिंग घट्ट धरून बसे आणि त्याची बोटं गार पडत.

अखेर नुकसान मोजायला विमा कंपनीचे सर्वेअर साहेब आले. तरुण होते, वागायला सभ्य होते. त्यांनी वाकून माझ्याखाली पाहिलं, ठोकून पाहिलं, लिहून घेतलं. "दुरुस्तीचं बिल मंजूर होईल," ते म्हणाले. "कायद्यानं ठरलेल्या हद्दीइतकं. वरचं तुम्हाला घालावं लागेल."

घनश्यामनं हात जोडले. "साहेब, एक इचारू का? ठोकायच्या आधी हिची एक किंमत होती. पवनीचे केशवराव इसार देऊन गेले होते. आता दुरुस्त केल्यावर हिले अर्ध्यातबी कोणी मांगत नाही. हा जो भाव पडला, तो कोण देते?"

"तो आमच्या कामात येत नाही, काका."

"पन चूक तर आमची नोहोय ना जी."

"नाही, तुमची चूक मुळीच नाही," साहेब म्हणाले. "पण गाडीचा पत्रा वाकला तर सरळ करून द्यायचा, एवढंच आम्हाला सांगितलं आहे. बाजारात तिला कोण काय देतं, ते नुकसान धरत नाहीत."

"अन् माहे डोळे?"

साहेबांना काही समजलं नाही. रुखमानं सांगितलं. साहेबांनी लिहिलेला कागद घडी करून पिशवीत ठेवला. "मी लवकर पाठवतो," म्हणाले आणि खाली मान घालून जीपमध्ये बसले. त्यांनी खरोखरच लवकर पाठवलं असेल. पण त्यांच्या पुढेही किती टेबलं होती, कोणास ठाऊक.

उन्हाळा आला आणि अर्धा सरला. मंजुरीचा कागद आला तसं धनीरामनं उधारीवर काम सुरू केलं. पत्रा ओढला, जोडला, खळग्यांत लांबीचा लेप भरला, रंग दिला. वरून पाहिलं तर मी नव्यासारखी दिसत होते. पण आत माझा सांगाडा वाकलेलाच होता. मी डावीकडे ओढू लागले होते. मागचा डावा दरवाजा लागल्यासारखा वाटे, पण खड्ड्यात धक्का बसला की अचानक सुटे. धनीरामनं कितीही ठाकठोक केली तरी तो ताळ्यावर आला नाही.

आणि अशात एक गिऱ्हाईक आलं. नदीपलीकडचे सोमाजी. सोबत त्यांची बायको केशरबाई आणि लहान मुलगा. त्यांना माझ्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. सोमाजी माझ्याभोवती फिरले, रंगावरून हात फिरवला आणि खूश झाले. किंमत जवळपास केशवरावांनी लावली तेवढीच बोलले. रुखमाच्या डोळ्यांत एकदम उजेड आला.

केशरबाईनं सहज विचारलं, "कोठी लागली-गिगली तर नाही ना जी गाडी?"

घनश्याम फडक्यानं माझी काच पुसत राहिला.

"नाही माय," रुखमा म्हणाली. "कोठीच नाही."

मित्रांनो, रुखमा कधी खोटं बोलणारी बाई नव्हती. त्या दिवशी ती बोलली. तिच्या हातातला पदराचा पीळ मी पाहत होते. तेवढ्यात तो लहान मुलगा मागच्या सीटवर चढला आणि आनंदानं उड्या मारू लागला. नेमका डावीकडच्या दरवाजाला टेकून. घनश्यामला त्याचा चेहरा दिसत नव्हता. पण मुलाची पाठ दरवाजावर आपटल्याचा आवाज त्याला ऐकू येत होता. एकदा. पुन्हा एकदा. मी सगळं बळ लावून तो दरवाजा धरून ठेवला होता.

"त्याले उतरवा," घनश्याम एकदम म्हणाला. "पोराले तिथं बसवू नका. तो दरवाजा सुटते. गाडी ठोकलेली हाय."

सोमाजींनी झटकन मुलाला बाहेर ओढलं आणि ते रुखमावर भडकले. "तुमी खोटं बोलल्या बाई! माहं पोरगं मारता का?" ते रस्ताभर ओरडत गेले. त्यांनी खरेपणाचे आभार मानले नाहीत, आणि का मानावेत? संध्याकाळपर्यंत तुमसरच्या बाजारात सगळीकडे झालं की घनश्यामची गाडी ठोकलेली आहे आणि त्याची बायको फसवून विकते. त्यानंतर भंगारवाल्याशिवाय मला पाहायला कोणी फिरकलं नाही.

घरी जाताना रुखमा चार पावलं पुढे चालत होती आणि मागून धनीराम मला हळू चालवत आणत होता. अंगणात आल्यावर ती वळली.

"त्याइचं पोरगं वाचलं जी. चांगलं झालं. आता तुमचे डोळे कोन वाचवते, सांगा!"

घनश्याम म्हणाला, "मले समजते रुखमा."

"काय समजते? रोज सकाळी मी तुमच्या समोर उभी राह्यतो अन् तुमी माह्या बाजूले पाह्यता! मले समजून नाही राहिलं का?" आणि ती उंबऱ्यावर बसून मोठ्यानं रडली. तिला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. घनश्याम तिच्या आवाजाच्या दिशेनं गेला, तिच्याजवळ बसला आणि त्याचा हात तिच्या पाठीऐवजी भिंतीवर पडला. त्यानं तो हळूच उचलून तिच्या पाठीवर ठेवला.

पोळ्याच्या सुमारास भंडाऱ्याहून भय्याजी आले. त्यांना मोटार चालवायचं शिकवण्याचा वर्ग काढायचा होता. या वेळी घनश्यामनं त्यांना बसूही दिलं नाही, आधीच सगळं सांगून टाकलं. गाडी ठोकलेली, सांगाडा वाकलेला, डावीकडे ओढते, दरवाजा सुटतो.

भय्याजी म्हणाले, "घनश्यामभाऊ, माझे शिकणारे रोज काहीतरी ठोकणारच. मैदानाबाहेर ही जाणार नाही. दरवाजा मी वेल्डिंग करून बंद करतो. पण किंमत भंगाराच्या जरा वर, तेवढीच. खोटं सांगत नाही."

रुखमानं घनश्यामकडे पाहिलं नाही. "द्या," ती म्हणाली. "आजच द्या."

त्याच आठवड्यात ती दोघं नागपूरला गेली. डावा डोळा तोवर पूर्ण गेला होता. उजव्याचं ऑपरेशन झालं आणि त्यात जेवढं शिल्लक होतं तेवढं राहिलं, नळीतून पाहावं तेवढं. डॉक्टरांनी पट्टी सोडताना एवढंच म्हटलं, "उन्हाळ्याच्या आत यायला हवं होतं."   दुकान निघालंच नाही. रुखमा गिरणीत धान निवडायला जाऊ लागली. विमा कंपनीनं मंजूर केलेला पैसा त्यानंतर कधीतरी आला आणि धनीरामच्या उधारीत गेला.

मी इथं मैदानावर आले. माझ्या डाव्या बाजूला भय्याजींसाठी जास्तीचा क्लच आणि ब्रेक बसवला. तेव्हापासून किती नवे पाय माझ्यावर शिकले, मला सांगता येणार नाही. घाबरलेले, घाईचे, जड, हलके. भय्याजी प्रत्येकाला पहिल्या दिवशी गाडी चालवायला शिकवत नाहीत, थांबवायला शिकवतात.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सुलोचनाबाई म्हणून एक शिक्षिका माझ्यावर शिकत होत्या. त्यांचा हात अजून कच्चा होता. भय्याजी त्यांना म्हणाले, "आज मी ब्रेकला पाय लावणार नाही. तुम्हीच थांबवायची." आम्ही मैदानाच्या फाटकाजवळून वळत होतो. उजव्या बाजूनं एक उंच, किडकिडीत माणूस सरळ माझ्यासमोर चालत आला. त्यानं माझ्याकडे मानही वळवली नाही. कारण त्या बाजूला त्याला काही दिसतच नव्हतं.

मी ओळखलं. मला हॉर्न वाजवता येत नव्हता. मी ओरडू शकत नव्हते. मला फक्त पुढे जाता येत होतं.

सुलोचनाबाईंनी सगळं अंग ब्रेकवर घातलं. मी थांबले. घनश्यामच्या गुडघ्यात आणि माझ्या बंपरमध्ये एका हाताचंही अंतर नव्हतं. मागून रुखमा किंचाळत धावत आली. तपासणीसाठी ती दोघं भंडाऱ्याला आली होती आणि घनश्यामच मला भेटायचं म्हणून पुढे निघाला होता.

सुलोचनाबाई खाली उतरल्या. "काका, मला माफ करा. तुम्ही मला एकदम दिसलात हो."

घनश्यामनं माझ्या बोनेटवर हात ठेवला. बोनेट गरम होतं. मान किंचित वाकडी करून त्यानं माझा आवाज ऐकला. मग म्हणाला, "मले तर तू आताबी नीट दिसून नाही राहिली, बाई. पन तू थांबली ना. तेवढंच पायजे."

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल. कोणी सायकल चालवाल, कोणी मोटार, कोणी पोत्यांनी भरलेला ट्रक. माझ्यासारख्या वाकलेल्या पत्र्याचा भाव विचारायला कोणी येणार नाही, त्याची मला खंत नाही. पण रस्त्याच्या कडेला जे गुपचूप उभं असतं, त्याच्यामागे कोणाचं तरी घर उभं असतं, कोणाचे तरी डोळे असतात. तुमच्या एका डुलकीनं ते मोडलं तर नंतर सगळ्या जगाच्या कागदांनीही ते पुरतं जुळत नाही. झोप आली तर गाडी बाजूला लावा. मन ठिकाणावर नसेल तर स्टीअरिंगला हात लावू नका. आणि समोर कोणी आलं, मग चूक त्याची असो की तुमची, आधी थांबा.

भय्याजींनी किल्ली फिरवली. नवा विद्यार्थी आला आहे. आज त्याचा पहिला दिवस.